पॅटनच्या रिव्हॉल्व्हरची मूठ मोत्याची नव्हती

अमळनेरचा एक विद्यार्थी एनडीएची तयारी करतो आहे. त्याने तीन प्रश्न एकदमच विचारले: "जनरल पॅटन मोत्याच्या मुठीची दोन पिस्तुलं कमरेला लावायचा, हे खरं का? सेनापतीला स्वतः गोळी झाडायची वेळ सहसा येत नाही, मग तो वेगळं, नक्षीदार पिस्तूल कशासाठी बाळगतो? आणि आमच्या घरी पणजोबांचं पांढऱ्या मुठीचं रिव्हॉल्व्हर आहे. मूठ हस्तिदंताची की प्लास्टिकची, हे ओळखायचं कसं?"

भाऊ, मी सैन्यात २२ वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. सिकंदराबादला ट्रेड शिकलो आणि पुढे जिथे पलटण तिथे कोत (हत्यारं ठेवायची कोठी), असं आयुष्य गेलं. आता भुसावळला राहतो. हत्यार हातात आलं की माझी नजर आधी मुठीवर जाते, मग नळीकडे. नळी एका दुपारी साफ होते, लोखंडाची निळाई पुन्हा चढवता येते. मुठीवर मात्र वापरणाऱ्याचा तळवा वर्षानुवर्षं बसलेला असतो. अंगठा कुठे टेकायचा, घाम किती यायचा, हत्यार म्यानात पडून होतं की रोज हातात होतं, हे मूठ बघून कळतं. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी मुठीपासूनच देतो.

आधी पॅटन, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सेनापती. मोत्याची मूठ ही वर्तमानपत्रवाल्यांनी पसरवलेली चूक आहे. त्याच्या दोन्ही रिव्हॉल्व्हरच्या मुठी हस्तिदंताच्या होत्या. कुणी मोत्याच्या म्हटलं की तो चिडायचा. तसली मूठ न्यू ऑर्लिन्सच्या कोठीवरचा दलाल बाळगतो, अशा आशयाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. त्या चिडण्यात कारागिरीचं ज्ञानही होतं. ज्याला मोत्याची मूठ म्हणतात ती शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराची असते. दिसायला सुंदर, पण काचेसारखी ठिसूळ. रिव्हॉल्व्हर एकदा फरशीवर पडलं की कोपरा उडालाच. घामाच्या हातात ती सटकतेही. हस्तिदंत चिवट असतो, हाताची ऊब धरतो आणि जुना होईल तसा पिवळसर होऊन तळव्याला अधिक बसतो.

पहिलं रिव्हॉल्व्हर कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, .४५ बोअरचं (नळीची आतली रुंदी, इंचात), पावणेपाच इंच नळीचं, चांदीसारखं चमकणारं आणि अंगभर कोरीव नक्षीचं. मार्च १९१६ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या दुकानातून त्याने ते विकत घेतलं. तेव्हा तो जनरल वगैरे काही नव्हता. साधा सेकंड लेफ्टनंट होता, जनरल पर्शिंगचा सहायक म्हणून मेक्सिकोत जाण्याच्या तयारीत. मुठीच्या एका बाजूला त्याची आद्याक्षरं एकात एक गुंफून कोरलेली आहेत.

दोन महिन्यांत, १४ मे १९१६ ला, या हत्याराची परीक्षा झाली. घोड्यांसाठी मका आणायला म्हणून पॅटन तीन मोटारी आणि मोजकी माणसं घेऊन निघाला होता. वाटेत रुबिओजवळच्या सान मिगेलितो या वाड्यावर पांचो व्हिला या मेक्सिकन बंडखोराचा एक सरदार, हुलिओ कार्देनास, असेल असा त्याला संशय आला. मोटारी थेट दारात नेऊन उभ्या केल्या. आतून तीन घोडेस्वार गोळ्या झाडत बाहेर पडले. पॅटनने पाच गोळ्या झाडल्या आणि हत्यार रिकामं झालं.

सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या का? हे समजून घे, कारण पुढचं सगळं इथून निघतं. या जुन्या कोल्टमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हॅमर, खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या पाठीवर टेकतं. मध्ये अडवणारी एक खाच असते, पण ती बारीक. हत्यार खाली पडलं किंवा घोड्यावर मार बसला तर गोळी सुटू शकते. म्हणून जाणती माणसं एक घर रिकामं ठेवून त्यावर घोडा टेकवायची. पुन्हा भरणं हेही सावकाशीचं काम. बाजूचं छोटं दार उघडायचं, एकेक रिकामी पुंगळी दांड्याने ढकलून काढायची, एकेक नवी गोळी घालायची, दर वेळी सिलिंडर एक घर फिरवायचा. वरून भिंतीचा गिलावा गोळ्यांनी उडत असताना पॅटनने हे केलं. शेवटी कार्देनास आणि त्याचे दोन साथीदार मारले गेले. पॅटनने आपल्या हस्तिदंती मुठीवर दोन खाचा कोरल्या. त्या दिवसापासूनच दोन रिव्हॉल्व्हर बाळगायचं त्याच्या मनाने घेतलं, असं सांगतात.

दुसरं, म्हणजे आज जोडीतलं म्हणून दाखवतात ते, मात्र बऱ्याच उशिराचं आहे. १९३५ मध्ये हवाईला असताना त्याने स्मिथ अँड वेसनचं .३५७ मॅग्नम घेतलं, साडेतीन इंच नळीचं. ते काडतूसच त्या वर्षी बाजारात आलं होतं आणि त्या काळात त्याच्याइतकं जोरकस रिव्हॉल्व्हर नव्हतं. त्यालाही हस्तिदंत लावला. हे मारण्यासाठीचं हत्यार, असं तो म्हणायचा. महायुद्धातले फोटो नीट बघ. दोन्ही एकदम लावलेली थोड्याच फोटोंत दिसतात, बऱ्याचदा कमरेला एकटं कोल्टच असतं.

आता आर्मरर म्हणून एक गोष्ट सांगतो. लोक पॅटनच्या मुठीला मिरवणूक समजतात, पण त्या कोल्टला गुळगुळीत मूठच बरोबर बसते. त्याची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते. गोळी सुटली की हत्यार मागे आदळण्याऐवजी तळव्यात वर गरकन फिरतं आणि घोडा आपोआप अंगठ्याच्या टप्प्यात येतो. दर गोळीला घोडा अंगठ्याने ओढावा लागणाऱ्या हत्यारात हे फिरणं हवंच असतं. तिथे खरखरीत चौकड्यांची मूठ लावली तर तळवा सोलून निघेल. मॅग्नमचं उलट आहे. एवढ्या जोराच्या काडतुसाला हत्यार हातात फिरू द्यायचं नसतं, आणि त्या रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या कडीमागे जी पोकळी राहते ती मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळते. म्हणून माझ्या मते पॅटनची कोल्टची मूठ जाणकाराची निवड आहे, आणि मॅग्नमची मूठ जोडीला शोभावी म्हणून बसवलेली आहे. माणूस शोभेचा नव्हता, हेही लक्षात ठेव. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पाचवा आला होता आणि अमेरिकी घोडदळाची १९१३ ची तलवार त्याच्याच आराखड्याची. पकड म्हणजे काय हे त्याला तलवारीपासून ठाऊक होतं.

आपल्याकडेही ही समज जुनी आहे. जुनी मराठा तलवार कधी बघायला मिळाली तर परजेच्या (मुठीभोवतीच्या कड्याच्या) आत हात घालून बघू नको, कुणी घालू देणारही नाही, पण आत डोकावून बघ. बोटांच्या मागे मऊ गादी बसवलेली असते, घाव घालताना हाताला हिसका बसू नये म्हणून. वर सोन्याचं काम असो नसो, गादी असतेच.

दुसरा प्रश्न, सेनापती वेगळं पिस्तूल कशासाठी बाळगतो.

पूर्वी कारण सरळ होतं. बहुतेक सैन्यांत अधिकाऱ्याला हत्यार पदरचं घ्यावं लागे. इंग्रज अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर स्वतः विकत घ्यायचे, अट एवढीच की सरकारी .४५५ काडतूस त्यात बसलं पाहिजे. जपानी अधिकारीही स्वतःच्या पैशाने पिस्तूल घ्यायचे. पदरचं म्हटलं की आवड आली, ऐपत आली, भेट आली. अमेरिकेच्या यादवी युद्धातला जनरल रॉबर्ट ली याच्याकडे १८५१ च्या नमुन्याचं साधं कोल्ट नेव्ही होतं. समोरच्या बाजूच्या ग्रँटला भेट मिळालेल्या रेमिंग्टनच्या जोडीवर मात्र नळीपासून बुडापर्यंत कोरीव काम आणि हस्तिदंती मुठीवर ग्रँटचाच चेहरा कोरलेला. ती जोडी मे २०२२ मध्ये लिलावात सुमारे ५२ लाख डॉलरला गेली. अशी हत्यारं लढायला घेऊन कुणी जात नाही. त्यांच्या मुठींना घाम लागलेला नसतो. नेपोलियनची नक्षीदार जोडीही २०२४ मध्ये सुमारे १७ लाख युरोला विकली गेली. १८१४ मध्ये पराभवानंतर त्याने तीच जीव द्यायला हाती घेतली होती. त्याच्या दरबारातल्या एका सरदाराने आधीच त्यातली बंदुकीची दारू काढून ठेवली होती, म्हणून ते टळलं.

पुढे सरकारांनीच सेनापतींना पिस्तूल द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जनरलांना कोल्टचं छोटं खिशातलं पिस्तूल दिलं, .३२ किंवा .३८० चं. आयझेनहॉवर, मार्शल, ब्रॅडली सगळ्यांना तेच. घोडा आत लपलेला, कपड्यात अडकत नाही, अंग पातळ, मूठ साध्या अक्रोडाची. शत्रूला थोपवण्यापेक्षा कमरेला जड होणार नाही, हा त्यात विचार दिसतो. त्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या बकलचा चामडी पट्टा. साठा संपत आला तेव्हा १९७२ पासून रॉक आयलंडच्या कारखान्याने .४५ चं आखूड पिस्तूल खास जनरलांसाठी केलं. त्याच्या लाकडी मुठीत पितळेची एक पट्टी बसवलेली असे आणि तिच्यावर त्या जनरलचं नाव कोरत. मुठीवर नाव! आपल्याकडे बायका भांड्यांवर नाव घालून घेतात, तसंच. हत्यार कुणाचं हे मुठीवरच लिहायचं.

पण जे सेनापती खरोखर आघाडीवर फिरले, त्यांच्या अंगावर बहुधा वेगळंच काही दिसतं. हवाई छत्रीदळाचा जनरल गॅव्हिन जवानासारखी गॅरंड रायफल घेऊन फिरायचा. कोरियाच्या युद्धात अमेरिकी जनरल रिजवे छातीच्या पट्ट्याला हातबॉम्ब अडकवून फिरे. ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या युटा किनाऱ्यावर पहिल्या लाटेबरोबर उतरलेला अमेरिकी जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनिअर ५६ वर्षांचा होता, सांधे दुखायचे, हातात काठी आणि एक पिस्तूल. जवानांना त्याची काठीच लक्षात राहिली.

काठीवरून आपल्या खान्देशाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथल्या बऱ्याच पोरांना ती माहीत नसते. जेम्स आउटराम हा इंग्रज सैन्यातला मोठा जनरल, लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरलेला. त्याची उमेदवारी आपल्या धरणगावला झाली. १८२५ मध्ये, जेमतेम बाविशीतला असताना, त्याने तिथे खान्देश भिल्ल कोअर उभी केली. इंग्रजी राज्य नुकतं आलेलं, सातपुड्याचे आणि सातमाळ्याचे भिल्ल नाईक त्या राज्याला मानत नव्हते, आणि ज्यांच्याशी लढायचं त्यांच्यातूनच त्याला पलटण करायची होती. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. १० वर्षं खान्देशात काढली. त्याने कुणाचं राज्य पक्कं केलं हे मी विसरत नाही, आणि तूही विसरू नको. पण माणूस म्हणून बघ: १८५७ च्या सप्टेंबरात लखनौच्या वाटेवर, स्वतः वरिष्ठ असून जनरल हॅवलॉककडे सेनापतिपद ठेवून, तो स्वयंसेवक घोडेस्वारांच्या पुढे धावला तेव्हा त्याच्या हातात तलवार नव्हती, पिस्तूल नव्हतं, जाड वेताची काठी होती. समोरच्या शिपायांना आणि मागच्या स्वारांना त्या काठीतून जे समजायचं ते समजलं असणार.

अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थरने तर काठीही घेतली नाही. ३० ऑगस्ट १९४५ ला तो जपानच्या आत्सुगी विमानतळावर उतरायला निघाला. शरणागतीच्या कागदावर सही व्हायची होती, देशात लाखो जपानी सैनिक अजून हत्यारबंद होते. विमानात त्याच्या माणसांनी पिस्तुलं अडकवायला घेतली. त्याने सगळ्यांना काढून ठेवायला लावली. मारायचंच ठरवलं असेल तर या पिस्तुलांनी काय होणार आहे, आणि न भिता उतरण्याचा परिणाम दुसऱ्या कशाने होणार नाही, असा त्याचा हिशोब होता. नि:शस्त्र उतरला, आणि जपान्यांनी ते बघितलं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: सेनापतीचं पिस्तूल शत्रूवर झाडायला फार क्वचित लागतं. ते बघणाऱ्यांसाठी असतं. पॅटनची दोन, मॅकआर्थरचं एकही नाही, आउटरामची काठी, हे सगळं बघणाऱ्यांशी बोलणंच आहे. आणि म्हणूनच ते कसं राखलं आहे यावरून माणूस उघडा पडतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच सैन्याच्या इतिहासात आहे. १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रेसकोर्स मैदान. पाकिस्तानच्या पूर्वेकडच्या फौजेचा सेनापती लेफ्टनंट जनरल नियाझी याने शरणागतीच्या कागदावर सही केली, खांद्यावरचं पदचिन्ह काढलं आणि दोरीसकट आपलं .३८ रिव्हॉल्व्हर लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या हाती दिलं. सुमारे ९३,००० माणसं कैद झाली. तो फोटो तू बघितलाच असशील.

आता फोटोत न दिसणारं ऐक. आपल्या सैन्याच्या पूर्व विभागाचे (ईस्टर्न कमांडचे) चीफ ऑफ स्टाफ तेव्हा मेजर जनरल जेकब होते. त्यांनी नंतर ते रिव्हॉल्व्हर तपासलं आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. साधं सरकारी .३८, नळी घाणीने बुजलेली, बरेच दिवसांत साफ केलेली नाही, दोरी मळकी आणि जागोजागी उसवलेली. सेनापतीचं स्वतःचं हत्यार असं असूच शकत नाही, नियाझीने ते बहुधा आपल्या एखाद्या मिलिटरी पोलिसाकडून घेतलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण रोज संध्याकाळी कोतात हत्यारं जमा होताना मी हेच करत होतो. जवान कसम खाऊन सांगायचा की उस्ताद, सकाळीच फुलतरू (नळी साफ करायची दोरी) मारलाय. मी चिंदी लावून एकदा नळीतून ओढायचो, चिंदी काळी निघायची, पुढे काही बोलायची गरज नसायची. एवढ्या मोठ्या शरणागतीत, सगळ्या जगासमोर, एका जनरलने दुसऱ्याच्या हाती दिलेलं हत्यार उसनं होतं, आणि ते एका घाणेरड्या नळीने आणि उसवलेल्या दोरीने सांगितलं. ते रिव्हॉल्व्हर आता डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत ठेवलं आहे. तुझं एनडीएचं जमलं आणि पुढे तिथे गेलास, तर काचेपाशी दोन मिनिटं थांब.

त्या काळच्या .३८ सरकारी रिव्हॉल्व्हरबद्दल थोडं सांगतो, कारण ते आपल्या सैन्यातही बरीच वर्षं होतं आणि मी ते खूप हाताळलं आहे. एन्फील्ड नंबर २. सुधारलेल्या नमुन्यात मुठीला अंगठा बसायला खळगा केलेला असतो. आधी लाकडी, मग बेकेलाइटची मूठ. उजव्या बाजूला एक पितळी चकती बसवलेली, पलटणीचे आकडे ठोकायला. बुडाला दोरीची कडी. ज्याच्या हातात ते वर्षभर राहिलं त्याच्या खळग्याची कड गुळगुळीत व्हायची आणि चकतीवरचे आकडे पुसट व्हायचे. पेटीत पडून राहिलेल्याची मूठ नव्यासारखी, पण कडीत गंज. चांगली मूठ बघून नवशिका खूश व्हायचा, मला तिथेच शंका यायची.

आपल्या सैन्यात आता अधिकाऱ्याचं पिस्तूल सरकारी असतं. बराच काळ तेच नऊ मिलिमीटरचं १-ए, ईशापूरच्या कारखान्यातलं, ब्राउनिंगच्या आराखड्याचं, १३ राउंडचं मॅगझिन. कोतातून सही करून घ्यायचं, सही करून परत द्यायचं. मूठ बदलायची नाही, नक्षी करायची नाही. एकदा एका तरुण अधिकाऱ्याने मला आडून आडून विचारलं होतं की घरून शिसवीच्या मुठी करून आणल्या तर बसवशील का. मी नाही म्हटलं. सरकारी हत्याराला स्वतःची मूठ लावली की उद्या ते दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा त्याचं काय? पण त्याच्या डोळ्यांतली हौस मला कळली होती. हत्यार आपलं वाटावं असं प्रत्येकाला वाटतं. मी त्याला एवढंच सांगितलं की रोज स्वतः साफ करा, आपोआप तुमचं होईल. तो खरंच कोतात येऊन बसायला लागला.

आता तुझं घरचं रिव्हॉल्व्हर. हा भाग सगळ्यात लक्ष देऊन वाच.

निवृत्त झाल्यावर चोपड्याकडचं एक कुटुंब माझ्याकडे असंच पांढऱ्या मुठीचं हत्यार दाखवायला घेऊन आलं होतं. आजोबा पुढे होऊन म्हणाले, "दादा, हाई हस्तीदंत शे का?" आधी कुणा कारागिराने त्यांना तापलेली सुई टोचून बघायला सांगितलं होतं आणि त्यांनी मुठीच्या आतल्या बाजूला टोचलीही होती. नशीब की ती मूठ हाडाची होती. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, असती तर पेटली असती. जुन्या काळी पांढऱ्या मुठी सेल्युलॉइडच्याही करत, आणि ते भयंकर ज्वालाग्राही असतं. सुई, काडी, लायटर काहीही जवळ नेऊ नको.

ओळखायला उजेड आणि एक भिंग पुरे. हत्यार रिकामं आहे याची खात्री परवानाधारकाने केल्यावर मुठीचं बूड उजेडात धर, जिथे दाताचा आडवा छेद दिसतो. हत्तीच्या दातात तिथे एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसतात, कापडाच्या तिरप्या विणीसारख्या. हाडात किंवा प्लास्टिकमध्ये हुबेहूब अशी वीण येत नाही. हाडात रेषांऐवजी बारीक काळपट ठिपके आणि चिरा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. प्लास्टिकमध्ये एक तर काहीच नसतं, किंवा नक्कल केलेल्या रेषा एकसारख्या समांतर जातात, एकमेकींना छेदत नाहीत, आणि कडेला साच्याची शिवण बोटाला लागते. सेल्युलॉइड जुनं झालं की कापरासारखा किंवा आंबूस वास येतो आणि त्याच्या वाफेने शेजारचं लोखंड गंजतं. मुठीच्या कडेनेच लोखंड खाल्लेलं दिसलं तर तो इशारा समज. सांबरशिंगाच्या मुठी ओळखायला सोप्या, वरची साल खडबडीत आणि तपकिरी खोबणींची.

हस्तिदंतच निघाला तर त्याला सगळ्यात जास्त आपल्या हवेचा धोका आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना तुला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, हवेत पाण्याचा थेंब नाही, आणि महिन्याभरात पाऊस सुरू होऊन सगळं ओलं. दात सुकतो आणि फुगतो. सुकताना आक्रसतो, पण आतली लोखंडी चौकट आक्रसत नाही, मग धाग्याच्या दिशेने चीर जाते. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात ठेवू नको. कूलरच्या समोरही नको. घरातल्या मधल्या खोलीत, सुती कापडात गुंडाळून ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नको, आत ओल धरते. चामड्याच्या जुन्या म्यानात तर मुळीच नको, चामडं कमावतानाची रसायनं आणि त्यात शोषलेली ओल यांनी लोखंड आणि पितळ दोन्ही खराब होतं. बंदुकीचं तेल मुठीला लावू नको, डाग कायमचा बसतो. कोरड्या मऊ कापडाने पूस, एवढंच. पिवळेपणा घासून काढायचा मोह होईल, तोही आवर. तो तुझ्या पणजोबांच्या हाताचा आहे.

कायद्याचं थोडक्यात पण पक्कं सांगतो. पहिलं, परवाना आज कुणाच्या नावावर आहे ते बघ. धारक गेल्यावर हत्यार घरात तसंच राहिलं असेल तर ते कितीही जुनं असलं तरी ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. .३८, .४५ आणि नऊ मिलिमीटर ही सर्वसामान्य नागरिकाला मनाई असलेली बोअर आहेत, म्हणून नळीवर किंवा चौकटीवर कोणता आकडा ठोकलाय तोही वाच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन आणि दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्यारांना सूट आहे, पण आपलं हत्यार त्यात बसतं की नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं. दुसरं, हस्तिदंत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची विक्री बंद आहे. वारशाने आलेला ठेवायला मुख्य वन्यजीव रक्षकांचं मालकी प्रमाणपत्र लागतं. कुणी चांगली किंमत देतो म्हणाला तर मूठ काढून देऊ नको, त्यात दोघंही अडकतात.

आणि हत्यार दाखवायला नेशील तेव्हा मुठीचा स्क्रू घट्ट करून नेऊ नको. मूठ थोडी हलते म्हणून घरातलं कुणीतरी पेचकस घेऊन बसतंच. जुना दात आक्रसल्यामुळे ती हलते, आणि दोन्ही पाट्यांना एकच आडवा स्क्रू धरून असतो. अर्धा फेरा जास्त दिला की स्क्रूच्या भोकापासून बुडापर्यंत सरळ चीर जाते. चोपड्याच्या त्या मुठीला तशीच चीर होती. हलू दे. मी किंवा दुसरा कुणी जाणता आर्मरर आतून कागदाची पातळ पट्टी सरकवून ती बसवेल.